फोटोशॉप उघडताच बंद पडतं? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे पाहा

‘फोटोशॉप उघडताच बंद पडलं की काढून पुन्हा इन्स्टॉल करा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखाच आहे, पण बिघाड अनेकदा प्रोग्रॅममध्ये नसून सेटिंग्जच्या फाइलीत असतो. विंडोजवर ती युजरच्या अॅपडेटा-रोमिंग या लपलेल्या फोल्डरात वेगळी राहते. प्रोग्रॅम काढला तरी ती उरू शकते. मग नवी प्रत तीच वाचून पुन्हा कोसळते.

पडताळणी सोपी आहे. आधी त्या सेटिंग्ज फोल्डरची कॉपी ठेवा, नाहीतर स्वतः बनवलेले ब्रश आणि अॅक्शन (एका क्लिकवर चालवता याव्यात म्हणून नोंदवून ठेवलेल्या कृती) जाऊ शकतात. हे विसरू नकाच. मग आयकॉनवर डबल-क्लिक करताच कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट एकत्र दाबून धरा. सेटिंग्ज फाइल डिलीट करायची का, या प्रश्नाला ‘येस’ म्हणा. उघडलं, तर दोष तिथेच होता. नाही, तर पुढच्या वेळी उघडताना फक्त शिफ्ट दाबून बाहेरचे प्लगइन, म्हणजे फोटोशॉपला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, वगळून पाहा.