सीमाप्रश्न सुटावा का? व्हय की!

निवडणूक जवळ आली की बेळगावच्या खडेबाजारात टॅब घेतलेली पोरं दिसायला लागतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून 'सर, दोनच मिनिटं', आणि मग आठवड्याभरात कुठंतरी 'बेळगावकरांचा कौल' म्हणून टक्के येतात. पण सकाळी अकराला खडेबाजारात असतंय कोण? वडगाव-शहापूरचा विणकर तेव्हा मागावर बसलेला असतो आणि खानापूरच्या जंगलाकडच्या गावात फोन करावा तर रेंज नाही.

हा घोळ जुना आहे. १९३६ ला अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं जवळजवळ १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २३ लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यावरून राष्ट्राध्यक्षपदाला लँडन जिंकणार असं छापून मोकळे झाले, तर रूझवेल्टनं ४८ पैकी ४६ राज्यं मारली. पत्ते घेतलेले टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून, तेही मंदीच्या काळात, म्हणजे खात्यापित्या घरातलेच, शिवाय चारातले तीन जण उत्तर पाठवायच्या भानगडीतच पडले नाहीत. मतचाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनं ५० हजार लोकांना विचारून बरोबर सांगितलं. पुढं १९४८ ला ट्रूमनच्या निवडणुकीत तोही तोंडावर आपटला, इतके पुरुष, इतक्या बायका असा कोटा भरायला सोयीची माणसं गाठलेली आणि विचारणं मतदानाच्या बरंच आधी थांबवलेलं.

सॅम्पलची, म्हणजे कुणाला विचारलं त्याची, गडबड निदान दिसते तरी, प्रश्नाची गंमत दिसत नाही. १९४१ ला डोनाल्ड रग या अमेरिकन संशोधकानं एकच गोष्ट दोन तऱ्हेनं विचारली, लोकशाहीविरोधी भाषणांना बंदी घालावी का, तर ४६ टक्के हो म्हणाले, आणि परवानगी द्यावी का म्हटल्यावर ६२ टक्के नाही म्हणाले. बंदी हा शब्द तोंडातनं काढायला जड जातो, बाकी काय!

आमच्याकडं हे जनगणनेत झालंय, आणि ती तर सर्व्हे पण नव्हे, दारोदार जाऊन केलेली मोजणी. १९०१ ला विचारलं नेहमी वापरता ती भाषा, १९३१ ला मातृभाषा आणि १९६१ ला लहानपणी आई तुमच्याशी बोलायची ती भाषा. आता निपाणी-खानापूरकडं आई कन्नड, बाप मराठी, पोराची शाळा तिसरीच, अशी घरं कमी नाहीत, तिथं प्रश्न बदलला की उत्तरही फिरतंय, आणि खाना एकच. ह्याच खान्यांच्या बेरजेवर गाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं ते भांडायचं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, १९६७ ला ह्याच वादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून सुप्रीम कोर्ट, आणि आकडे दोन्हीकडनं अजून काढले जातातच.

शेजारच्या गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला सरळ कौलच घेतला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. दोन पानं जिंकली, ३४,०२१ मतांनी. पण स्वतंत्र राज्य पाहिजे असणाऱ्यानं शिक्का कुठं मारायचा? ते चिन्हच नव्हतं, राज्य झालं ते १९८७ ला.

गेल्या खेपेला नंदगडच्या आत्याला असाच सर्व्हेचा फोन आलेला, 'सीमाप्रश्न लवकर सुटावा असं वाटतं का?' आत्या म्हणाली, "व्हय की, सुटू दे एकदाचा!" शेजारच्या कन्नड काकूंनाही तोच फोन, त्याही हौदु म्हणाल्या. कुणाच्या बाजूनं सुटावा हे त्या पोरानं दोघींनाही विचारलं नाही.