भिंत नव्हे, उभा कडा

मुलांना वेलींची ओळख करून द्यायची असेल, तर नावांची यादी बाजूला ठेवा आणि त्यांना एखाद्या वेल चढलेल्या भिंतीसमोर तासभर उभं करा. आपल्याला ती घराची बाजू वाटते. कबुतराला, पालीला आणि वेलीला मात्र तो उभा कडा असतो. कबुतरांचे पूर्वज कड्याकपारींतच घरटी करायचे, म्हणून तर खिडकीवरचा सज्जा त्यांना इतका मानवतो.

आधी भिंग घेऊन काकडीच्या वेलीचा तणावा, म्हणजे आधार पकडणारा बारीक तंतू, पाहायला द्या. आधाराला टोक अडकलं की तो स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि मग वारा आला तरी ताणला जातो, तुटत नाही. नीट पाहणाऱ्या मुलाला एक गंमत दिसेल: अर्ध्यापर्यंत वेटोळी एका दिशेने, मध्ये जरासा सरळ तुकडा, आणि पुढची वेटोळी उलट्या दिशेने. याचं कारण लगेच सांगून टाकायचा मोह आवरा. दोरीची दोन्ही टोकं दोघांना घट्ट धरायला लावा आणि तिसऱ्याला मधोमध पेन्सिल अडकवून पीळ घालू द्या. एकीकडे उजवा पीळ बसतो, दुसरीकडे आपोआप डावा! दोन्ही टोकं बांधलेल्या तणाव्याचंही तेच होतं.

काही वेली सरळ भिंतीलाच चिकटतात. व्हर्जिनिया क्रीपरच्या तणाव्यांना टोकाशी चिकट चकत्या येतात. चार्ल्स डार्विनने १८७५ च्या पुस्तकात नोंदवलंय, की दहा वर्षं जुन्या तणाव्याच्या एकाच फाट्याने दोन पौंड, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम वजन पेललं. शेजारून पळणाऱ्या पालीकडे मात्र असला चिकटा नसतो. तिच्या बोटांखाली लाखो सूक्ष्म केस असतात. ते भिंतीच्या इतके जवळ जातात, की रेणूंमधलं आकर्षणच तिला धरून ठेवतं. पायाचा कोन बदलला की पकड सुटते. वेलीला सुटायचंच नसतं.

कृष्णकमळाच्या बऱ्याच जातींत पानाच्या देठावर बारीक गाठी असतात, त्यांतून गोड रस पाझरतो. मुंग्या त्यासाठी येतात आणि पानं कुरतडणाऱ्या अळ्यांना पळवून लावतात. मुलांना ही राखणदारी फार आवडते.

आणि भिंतीचं काय? वेल भिंत खाते, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. धडधाकट भिंतीला आयव्ही, म्हणजे मुळांनी भिंतीला धरून चढणारी वेल, सहसा इजा करत नाही. आधीच भेगा असतील, तर मात्र मुळं आत शिरून त्या रुंदावतात. उलट पानांचं पांघरूण भिंतीला उन्हाचा चटका लागू देत नाही. दोन तापमापक घ्या, एक पानांमागे, एक उघड्या भिंतीवर. भर दुपारचे आकडे मुलं बहुधा आधीच ओळखतील. पण थंडीत पहाटे पुन्हा वाचायला लावा: तेव्हा पानांमागची भिंत जास्त उबदार निघते.