जेल-सुधारणेची डिग्री आपल्याकडे बारावीनंतर का सापडत नाही

बारावीनंतर क्रिमिनल जस्टिस करायचंय, नागपुरात कुठे होतं, हा प्रश्न आजकाल बरीच पोरं विचारतात. फॉरेन्सिक आहे, बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी आहे, लॉ आहे, पण पोलीस, कोर्ट, जेल आणि सुटून आल्यावरचं आयुष्य हे सगळं एकाच पदवीत शिकवणारं इथे सहज काही मिळत नाही, आणि त्याचं कारण जुनं आहे.

अमेरिकेत हा विषय पोलिसांनी कॉलेजात आणला. बर्कलीचे पोलीस प्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांना शिकलेला पोलीस हवा होता, म्हणून 1916 साली त्यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्निया विद्यापीठात उन्हाळी वर्ग सुरू झाले. खरी वाढ मात्र 1968 च्या कायद्यानंतरची, सरकारने पोलीस आणि जेलच्या नोकरीतल्या लोकांना शिकायला पैसे दिले आणि शेकडो कॉलेजांनी कोर्स उघडले.

आपल्याकडे सुरुवातच वेगळी. 1894 चा कारागृह कायदा म्हणजे कोंडून ठेवणं, शिस्त आणि शिक्षा, बस. 1919-20 च्या जेल कमिटीने पहिल्यांदा ठामपणे सांगितलं की कैदी सुधारणं हाही जेलचा उद्देश आहे, अंदमानला कैदी पाठवणं बंद करा असंही त्यांनीच सुचवलं. पुढे 1939 मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत वसली, तिथे कैदी भिंतीशिवाय शेती करत राहायचे. मला तर या सगळ्या इतिहासातली सर्वात मोठी गोष्ट हीच वाटते, कारण एवढा भरवसा टाकायला तेव्हा कुठलं पुस्तक हाताशी नव्हतं!

स्वातंत्र्यानंतर संयुक्त राष्ट्रांकडून वॉल्टर रेकलेस नावाचे अमेरिकन तज्ज्ञ आले आणि 1951-52 मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जेल अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण झालं. इथेच वाट ठरली बघा, हा विषय समाजकार्याच्या घरात गेला आणि तोही एमएच्या पातळीवर. दुसरी वाट सागर विद्यापीठाची, 1959 ला तिथे क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीचा अभ्यास) आणि फॉरेन्सिक सायन्सचा विभाग निघाला. 1956 पर्यंत सागर आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानी आपलं नागपूर. राज्यं वेगळी झाली आणि तीनच वर्षांनी तो विभाग तिकडे उभा राहिला, याची हळहळ वाटते.

आता बॅचलर्स सहज का सापडत नाही? तर नोकरीच ठरलेली नाही म्हणून. कारागृह हा राज्यांचा विषय, केंद्र फार तर नमुना मॅन्युअल, म्हणजे जेल चालवायची नियमावली, सुचवू शकतं. जेल सुधारणेसाठी केंद्राने नेमलेल्या मुल्ला कमिटीने 1983 मध्ये जेल आणि सुधारसेवेसाठी आयएएस-आयपीएससारखी अखिल भारतीय सेवा काढा असं सांगितलं होतं, ती कधी आलीच नाही. ती आली असती तर तिच्यासाठी पदव्याही निघाल्या असत्या असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्रात खात्याच्या नावात "सुधारसेवा" आलं, पण त्या शब्दामागचं शिक्षण पसरलं नाही.

म्हणून इथली पोरं आजही आडवाटेने या कामात येतात. कुणी बीएसडब्ल्यू करून 1958 च्या परिवीक्षा कायद्याखालच्या प्रोबेशन ऑफिसरच्या, म्हणजे जेलऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवायच्या कामाकडे वळतं, कुणी लॉ करून कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या कैद्यांच्या जामिनासाठी धावतं. आणि वर्धा रोडच्या सेंट्रल जेलमध्ये, त्या भिंतीच्या आत, कैदी इग्नूतून पदवीचा अभ्यास करतायत.