रॅचेट म्हणजे नक्की काय? एका शब्दाची पार्श्वभूमी

पाण्यातले बारीक कण १८२७ ला थरथरताना दिसले (पाण्याचे रेणू त्यांना सतत धक्के देतात म्हणून), १९०५ ला त्याचं गणित बसलं, हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे थेट पुढे जातो. या थरथरीतून कणाला एकाच बाजूला हाकता येईल का? १९१२ मध्ये याचा विचार झाला होता, पण विषय गाजला तो साठच्या दशकातल्या भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या एका लेक्चरमुळे. रॅचेट म्हणजे सायकलच्या फ्रीव्हीलसारखं, एकाच दिशेने फिरू देणारं दातेरी चाक आणि खिट्टी, फक्त इतकं बारीक की रेणूंचे धक्के त्याला पुरतील. मग फुकटात फिरेल ना? नाही फिरणार, कारण खिट्टीसुद्धा तेवढीच तापलेली, तीही थरथरून उचलली जाते आणि चाक मागेही घसरतं. लेक्चरमध्ये एक चूकही होती. यंत्राच्या दोन बाजूंना दोन वेगळी तापमानं दिली तर ते आदर्श इंजिनाइतकी एफिशिअन्सी गाठेल असं फाइनमन म्हणाले, पण एकच चाक दोन्हीकडे एकाच वेळी जोडलेलं असल्यावर उष्णता गळणारच. हे कागदावर यायला १९९६ उजाडलं!

खरा घोळ नव्वदीत झाला. कणांच्या वाटेवर करवतीच्या दातांसारखा विजेचा चढउतार घ्यायचा आणि तो चालू-बंद करत राहायचा. बंद असताना कण दोन्हीकडे सारखा पसरतो, पण एका बाजूचं टोक जवळ असल्याने तिकडून जास्त कण पलीकडे जातात, चालू केलं की पुढच्या खड्ड्यात घरंगळतात. १९९४ ला हे प्रयोगात दिसलं. आता यात खिट्टी कुठेय? नाहीच, तरी नाव रॅचेट, वर काही जण त्याला ‘थर्मल’ही लावतात, जणू उष्णताच काम करतेय. काम करते ती बाहेरून चालू-बंद करणारी ऊर्जा, उष्णता फक्त कण पसरवते. माझ्या मते ‘थर्मल’ने जेवढे लोक चकवले तेवढे गणिताने नाही चकवले. मग पेशीतल्या कायनेसिनलाही (माल वाहून नेणारं प्रथिन, ८ नॅनोमीटरचं पाऊल, इंधन एटीपी) हाच शब्द चिकटला आणि तो स्वतः जोर लावून पाऊल टाकतो की थरथरीतलं सोयीचं तेवढं पकडून ठेवतो, यावर दोन तट पडले. निम्मं भांडण शब्दाचंच आहे असं वाटतं.

२०१० च्या सुमारास बॅक्टेरियांच्या अस्ताव्यस्त गर्दीत तिरक्या दातांचं छोटं चाक सोडलं तर ते एकाच दिशेने फिरायला लागलं, ऑक्सिजन कमी केला, बॅक्टेरिया थंडावले, की चाकही थांबलं. म्हणजे इथेही काम करत होती ती बॅक्टेरियांची ऊर्जा, उष्णता नाही.