रनिंग-कॉन्फिग आणि स्टार्टअप-कॉन्फिग: रीबूटनंतर नियम कुठे जातात?

सिस्कोच्या एएसएव्ही या व्हर्च्युअल फायरवॉलवर नवी माणसं सर्वांत जास्त गोंधळतात ती रनिंग-कॉन्फिग आणि स्टार्टअप-कॉन्फिग या जोडीत, म्हणजे तिच्या सेटिंग्ज व नियमांच्या (कॉन्फिगच्या) दोन प्रतींत. ‘शो’ कमांडने उघडून पाहिलं तर बहुतेक वेळा दोन्हींत तेच दिसतं, त्यामुळे एकाच गोष्टीची दोन नावं वाटतात.

कमांड लाइनवर, लागू असलेल्या अ‍ॅक्सेस-लिस्टमध्ये (कोणतं ट्रॅफिक जाऊ द्यायचं, कोणतं अडवायचं याच्या नियमांच्या यादीत) एक ओळ घालून एंटर दाबलं की ती तिथल्या तिथे अमलात येते. ही रनिंग-कॉन्फिग, तिचा मुक्काम रॅममध्ये. स्टार्टअप-कॉन्फिग व्हर्च्युअल डिस्कवर असते आणि ‘राइट मेमरी’ ही जतन करण्याची कमांड दिल्याशिवाय नव्या ओळीचा तिला पत्ता नसतो. बूट होताना फायरवॉल वाचते ती मात्र हीच.

जुनिपरच्या व्हीएसआरएक्स या व्हर्च्युअल फायरवॉलवर हात बसलेल्यांनी इथे विशेष जपावं. तिथे ‘कमिट’ करेपर्यंत काहीच लागू होत नाही, आणि कमिट झालं की ते जतनही झालेलं असतं. तीच सवय घेऊन एएसएव्हीवर बसलं, तर आपण चालू ट्रॅफिकवरच प्रयोग करत असतो.

फायरवॉल व्हर्च्युअल असल्याने यात आणखी भर पडते. ‘रीलोड’ कमांड दिली तर बदल जतन करायचे का, असं ती विचारते. हायपरवायझरमधून (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) थेट पॉवर ऑफ केलं तर विचारणारं कोणी नाही. स्नॅपशॉटचंही, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या त्या क्षणाच्या जतन केलेल्या प्रतीचंही, तसंच: मेमरी वगळून घेतला असेल तर त्यात फक्त डिस्क येते. ‘राइट मेमरी’ न करता घेतलेल्या अशा स्नॅपशॉटवर परत गेलात, तर दुपारभर घातलेले नियम त्यात नसतील.

दोन्हींतला हा फरक आपल्या कामीही येतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. दूरवरून एसएसएचने (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन करून) धोक्याचा बदल करायचा असेल, तर आधी चांगली स्थिती जतन करा, मग ‘रीलोड इन १०’ (दहा मिनिटांनी रीबूट हो) द्या आणि त्यानंतरच बदल करा. स्वतःच बाहेर अडकलात, तर दहा मिनिटांनी फायरवॉल रीबूट होईल आणि जुन्या नियमांसह उठेल. रीबूट चालू असेपर्यंत ट्रॅफिक बंद राहील, हे आधी सांगून ठेवा. सगळं ठीक चाललं तर ‘रीलोड कॅन्सल’ आणि मगच ‘राइट मेमरी’. क्रम चुकवून आधी जतन केलंत, तर चुकीचा नियमच डिस्कवर जाऊन बसतो आणि परतीची वाट बंद होते.

ही युक्ती एकट्या फायरवॉलसाठीच आहे. फेलओव्हरच्या जोडीत, म्हणजे एक फायरवॉल चालू (अ‍ॅक्टिव्ह) आणि दुसरी राखीव (स्टँडबाय) असते तिथे, अ‍ॅक्टिव्हवर टाइप केलेली ओळ लगेच स्टँडबायच्या रनिंग-कॉन्फिगमध्येही जाते. अ‍ॅक्टिव्ह रीबूटला गेली की स्टँडबाय तोच चुकलेला नियम घेऊन सूत्रं हाती घेते, आणि पहिली परत आल्यावर तिच्याकडूनच कॉन्फिग उचलते.