सूर्याकडची रेघ: अँटीटेल की आयन शेपटी?

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. त्याच्या फोटोंत डोक्यापाशी एक बारीक, सरळ रेघ आढळली की कित्येक जण तिला आयन शेपटी समजतात. ती बहुधा अँटीटेल, म्हणजे सूर्याकडे रोखल्यासारखी भासणारी उलटी शेपटी असते. रूप सारखं असलं तरी दोघींची घडण पार वेगळी आहे.

आयन शेपटी वायूची. सूर्याच्या अतिनील किरणांनी कार्बन मोनॉक्साइडसारख्या रेणूंतला इलेक्ट्रॉन निघून जातो आणि हा विद्युतभारित वायू, म्हणजेच आयन, सौरवाऱ्याच्या (सूर्यातून वाहणाऱ्या कणांच्या प्रवाहाच्या) तावडीत सापडतो. सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाचा तो वारा त्याला सूर्याच्या जवळजवळ थेट विरुद्ध दिशेला ताणतो. निळसर रंग त्या आयनांचाच. तिच्यात काही तासांत गाठी पडतात, कधी ती तुटून वाहूनही जाते. सूर्यातून कणांचा अखंड प्रवाह बाहेर पडत असावा, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ लुडविग बियरमान यांनी १९५१ मध्ये अशाच शेपट्यांवरून ताडलं होतं. तो प्रवाह प्रत्यक्ष मोजणारी अवकाशयानं त्यानंतर गेली. मला या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

अँटीटेल धुळीची. जाडसर कणांना सूर्यप्रकाशाचा रेटा फारसा हलवू शकत नाही. ते धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीतच पातळ थर होऊन रेंगाळतात. पृथ्वी त्या पातळीतून जाताना हा थर आपल्याला कडेने दिसतो, आणि कडेने धरलेल्या कागदासारखी त्याची नुसती रेघ उरते. ती सूर्याकडे झेपावल्यासारखी वाटते ती आपण उभे आहोत त्या जागेमुळे. त्सुचिनशान-ॲटलसच्या वेळी हा योग १४ ऑक्टोबरच्या सुमारास आला. एप्रिल १९५७ मध्ये अरेंड-रोलां धूमकेतूची अशीच रेघ गाजली होती.

फोटोत ओळखताना रंगावर विसंबू नका. क्षितिजालगत हवेचा जाड थर निळा प्रकाश जास्त गाळतो, त्यात संधिप्रकाशाची भर, त्यामुळे आयन शेपटी फिकी पडते. शिवाय पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीत असताना आयन शेपटी धुळीच्या रुंद शेपटीवरच येते, वेगळी काढणं अवघड. म्हणून आधी दिशा पाहा: संध्याकाळी रेघ डोक्यापासून मावळतीकडे, खाली गेली असेल तर अँटीटेल, वर गेली असेल तर आयन शेपटीची शक्यता.

मात्र टेलिस्कोपच्या फोटोत ‘खाली’ म्हणजे नेमकं कुठे? न्यूटनियनमधून (आरशाच्या टेलिस्कोपमधून) प्रतिमा उलटी पडते, स्टार डायगोनलमधून (प्रकाश काटकोनात वळवणाऱ्या आरशातून) डावं-उजवं बदलतं, आणि कॅमेरा तिरका लागला असेल तर आणखी गोंधळ. फ्रेममधले तारे नकाशाशी जुळवून घ्या आणि त्या वेळी सूर्य कुठल्या बाजूला होता ते फोटोवरच खुणेनं दाखवा. लांब फोकल लेंथमध्ये, म्हणजे आकाशाचा लहानसाच तुकडा दिसत असताना, फक्त डोकं मावतं, म्हणून या कामाला छोटा रिफ्रॅक्टर (भिंगाचा टेलिस्कोप) बरा.