हिर्श यांचे शैक्षणिक व पुनर्वसन कार्य

बॅरन मॉरिस द हिर्श (१८३१–९६) या म्यूनिकमध्ये जन्मलेल्या ज्यू धनिकाने पूर्व युरोपातील व तुर्कस्तानातील आपल्या बांधवांसाठी उभारलेले दानकार्य. घराणे सावकारी पेढीचे. पण खरी संपत्ती आली ती बाल्कन प्रदेशातून कॉन्स्टँटिनोपलला जाणाऱ्या रेल्वेच्या मक्त्यातून (१८६९). त्या कामाच्या निमित्ताने तुर्कस्तानातील ज्यू वस्त्यांचे दारिद्र्य हिर्श यांच्या नजरेस पडले. १८७३ मध्ये त्यांनी पॅरिसच्या ‘आल्यान्स इझ्राएलित युनिव्हर्सेल’ या ज्यूंच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या संस्थेला तेथील शाळांसाठी दहा लाख फ्रँक दिले. एकुलता एक मुलगा ल्यूसिएन १८८७ मध्ये वारल्यावर पत्नी क्लारा यांच्यासह त्यांनी हे कामच आपले वारस मानले.

भिक्षेने भिकारीच वाढतात, माणसाच्या हाताला कसब आणि काम द्यावे, हे त्यांचे ठाम मत होते. रशियातील ज्यूंच्या शाळांसाठी त्यांनी पाच कोटी फ्रँक देऊ केले. परंतु पैशावर ताबा आपलाच हवा असा झारच्या सरकारचा हट्ट असल्याने बोलणी फिसकटली. तिथेच शिकवता येत नसेल तर तिथून बाहेर काढावे, या विचाराने त्यांचा ओढा स्थलांतराकडे वळला.

१८८९ मध्ये ‘वेझर’ या जहाजाने रशियन साम्राज्यातील पोडोलिया (आजच्या युक्रेनमधील प्रदेश) येथील शेकडो ज्यू अर्जेंटिनात उतरले होते. कबूल केलेली जमीन मिळाली नाही. पालासिओस रेल्वे स्थानकाजवळ ते उपाशी पडून राहिले, साथीच्या रोगात अनेक मुले दगावली. त्यांनीच पुढे मोइझेसव्हिल ही वसाहत वसवली. डॉ. विल्हेल्म लोवेंथाल यांनी ही दैना पाहून ज्यूंना तेथे शेतीवर वसवण्याची योजना मांडली आणि ती हिर्श यांनी उचलून धरली. १८९१ मध्ये वीस लाख पौंड भांडवलाची ‘ज्यूइश कॉलनायझेशन असोसिएशन’ लंडनमध्ये स्थापन झाली. तिचे जवळजवळ सगळे भाग (शेअर) हिर्श यांचेच होते. न्यूयॉर्कमध्येही ज्यू स्थलांतरितांसाठी त्यांचा स्वतंत्र निधी उभा राहिला.

पंचवीस वर्षांत रशियातून तीस लाखांहून अधिक ज्यू हलवण्याचा संकल्प होता. हिर्श यांच्या हयातीत अर्जेंटिनात पोहोचले काही हजारच. टोळधाड आणि दुष्काळ होतेच, पण त्याहून जाचक ठरला तो व्यवस्थापकांचा कारभार. जमीन कर्जाऊ, करार कडक, निर्णय दूर पॅरिसमधील मुख्यालयात. दात्याची कळकळ निःसंशय खरी होती, पण कसणाऱ्यांचे म्हणणे ऐकण्याची सोय त्या रचनेत नव्हती. मुले शिकून शहरांकडे गेली. ‘आम्ही गहू पेरला आणि डॉक्टर पिकवले’ असे वसाहतीतले लोक म्हणत. ल्यूसिएनच्या नावाने वसलेल्या ल्यूसिएनव्हिलमधील शेतकऱ्यांनी १९०० मध्ये बासाविल्बासो येथे स्वतःची शेतकी सहकारी संस्था काढली. अर्जेंटिनातील अशा सर्वांत जुन्या संस्थांमध्ये ती मोडते.